सेवेचेही शास्त्र असते : समाजकार्याचे विद्यापीठीय शिक्षण

वाणिज्य शाखेची पदवी उत्तम गुणांनी मिळवलेली मुलगी जेव्हा घरी सांगते, की आपल्याला सी.ए. किंवा एम.बी.ए. करावयाचे नसून एम.एस.डब्ल्यू. करावयाचे आहे, तेव्हा व्यापारी कुटुंबात काही काळ शांतता पसरते. उघड विरोध सहसा होत नाही. सेवेला या घरांत नेहमीच मान असतो. आजोबांनी धर्मशाळेला खोली बांधून दिलेली असते, वडील पांजरपोळाचे किंवा वसतिगृहाचे विश्वस्त असतात, आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान हे शब्द मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. म्हणूनच प्रश्न वेगळ्या दिशेने येतो. सेवा करण्यासाठी पदवी कशाला हवी? मनात करुणा आणि हातात थोडा पैसा असला म्हणजे पुरे नाही का? आणि दोन वर्षे शिकून शेवटी मिळणार काय?

हे प्रश्न प्रामाणिक आहेत आणि त्यांना उडवून लावणे योग्य नाही. त्यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईच्या नागपाडा भागात, सुमारे नव्वद वर्षांमागे जावे लागते.

अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे गृहस्थ 1925 मध्ये मुंबईत आले. शिकागो विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते. 1926 मध्ये मिशनने ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ स्थापन केले आणि त्याचे काम मॅनशार्ट पाहू लागले. भोवती दाट वस्ती, बेकारी, दारू, आजार आणि कर्ज यांचे राज्य होते. त्या कामातून त्यांच्या लक्षात आले, की सेवेची तळमळ असलेली माणसे मुंबईत पुष्कळ आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने चाचपडत आहे. त्याच सुमारास, 1932 मध्ये, सर दोराबजी टाटा यांच्या संपत्तीतून मोठा विश्वस्त निधी उभा राहिला होता. कोणत्याही विश्वस्त मंडळापुढे असतो तोच प्रश्न याही मंडळापुढे होता : पैसा कोठे खर्च केला असता तो सर्वांत अधिक फळ देईल? इमारतीपेक्षा माणसे घडविण्यावर खर्च करावा, ही मॅनशार्ट यांची सूचना मंडळाने मान्य केली. 1936 मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ या नावाने देशातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था सुरू झाली. पहिल्या तुकडीत 20 विद्यार्थी होते. 1944 मध्ये संस्थेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले, 1954 मध्ये ती देवनारला गेली आणि 1964 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका दानशूर कुटुंबाच्या पैशातून दान कसे करावे याचेच शिक्षण उभे राहिले, ही गोष्ट आजच्या विश्वस्तांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. महर्षी कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा त्यांच्याकडे कोणती पदवी होती? ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली ती कोणता अभ्यासक्रम पूर्ण करून? जैन वाचकाला तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव आधी आठवते. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगात राहिलेल्या या माणसाने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहतील, जेवतील आणि श्रम करून शिकतील, असा आग्रह त्यांनी धरला. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून ती वसतिगृहे चालली. मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान आणि त्याचा स्वतःचा वाटा राखूनच मदत झाली पाहिजे, हे पाठ्यपुस्तकात पुढे छापले गेलेले तत्त्व कर्मवीरांना कोणी शिकविले नव्हते.

हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. अशी माणसे शतकात मोजकी जन्मतात. जिल्हा रुग्णालय, बालगृह, कौटुंबिक न्यायालय, शाळा आणि झोपडवस्ती या प्रत्येक ठिकाणी रोज सकाळी दहा वाजता हजर राहून काम करणारी माणसे हजारोंनी लागतात, आणि ती सामान्य कुवतीची, सामान्य संसाराची माणसे असतात. त्यांना पद्धत शिकवावी लागते. शिवाय कर्वे किंवा भाऊराव यांनी स्वतः जे शिकून घेतले, त्याची किंमत त्यांनी वीस-वीस वर्षांच्या चुका आणि हालअपेष्टा सोसून दिली. पुढच्या माणसानेही तेवढीच किंमत मोजावी असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

मग या दोन वर्षांत शिकवितात तरी काय? वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक कायदे, शासकीय धोरणे आणि संशोधनाच्या पद्धती असतात. समाजकार्याच्या म्हणून ज्या खास पद्धती मानल्या जातात त्या सहा : व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती. ही नावे जड वाटतात. परंतु एका माणसाबरोबर, दहा-पंधरांच्या गटाबरोबर आणि संपूर्ण वस्तीबरोबर काम करण्याच्या रीती वेगवेगळ्या असतात, एवढाच पहिल्या तिन्हींचा अर्थ.

या शिक्षणाचा खरा गाभा मात्र वर्गाबाहेर, क्षेत्रकार्यात आहे. सामान्यतः आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत पाठविले जाते. कोणाला रुग्णालय मिळते, कोणाला निरीक्षणगृह, कोणाला वृद्धाश्रम, कोणाला महानगरपालिकेच्या शाळेमागची वस्ती. सुरुवातीचे काही आठवडे विद्यार्थ्याला आपला काही उपयोग होत आहे असे वाटतच नाही. तो जातो, बसतो, ऐकतो, परत येतो. परत आल्यावर त्याला लेखी अहवाल द्यावा लागतो : कोण भेटले, ते काय म्हणाले, आपण काय म्हणालो, त्या वेळी आपल्या मनात काय आले. हा अहवाल प्राध्यापक वाचतात आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर प्रश्न विचारतात. त्या बाई रडू लागल्या तेव्हा विषय का बदललास? नवरा दारू पितो हे तू गृहीत का धरलेस, त्यांनी तसे सांगितले होते का? तू दिलेला सल्ला त्यांना हवा होता की तुला द्यावासा वाटत होता? परीक्षेत पहिला वर्ग मिळविणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात या चर्चेचीच धास्ती वाटते.

या काळात बहुतेक ठिकाणी एक दंडक पाळला जातो, आणि दानाच्या संस्कारात वाढलेल्या मुलामुलींना तो सर्वांत जड जातो. विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून पैसे द्यावयाचे नसतात. समोरच्या मुलाने दोन दिवस शाळेला दांडी मारली, कारण वही नाही. वही वीस-तीस रुपयांची. तरी ती चटकन घेऊन द्यावयाची नाही. वरवर पाहता यात निर्दयपणा दिसतो. यामागचा विचार एका नेहमीच्या प्रसंगावरून समजून घेता येईल.

समजा, पतीच्या निधनानंतर धुणीभांडी करणाऱ्या एका स्त्रीची मुलगी शाळा सोडते. सहृदय दाता शाळेचे वर्षभराचे शुल्क भरतो आणि समाधानाने घरी जातो. तीन महिन्यांनी मुलगी पुन्हा घरी बसलेली असते. प्रशिक्षित कार्यकर्ती प्रथम विचारते, की शाळा नेमकी कोणत्या दिवसापासून सुटली. उत्तरातून कळते, की आईला पहाटेचे नवे काम मिळाले आणि त्या दिवसापासून दोन वर्षांच्या भावाला सांभाळण्याची जबाबदारी मुलीवर आली. म्हणजे अडचण शुल्काची नव्हतीच. लहान मुलाला सांभाळणाऱ्या हातांची होती. जवळची अंगणवाडी किंवा पाळणाघर, आईच्या कामाच्या वेळेबाबत मालकिणीशी बोलणे, शेजारणीशी ठरविलेली अदलाबदल, असा काही मार्ग निघाला तर मुलगी शाळेत टिकते. त्याच भेटीत कार्यकर्तीच्या हेही लक्षात येते, की या कुटुंबाने संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केलेला नाही, एक पालक गमावलेल्या मुलांसाठी असलेली बालसंगोपन योजना त्यांना ठाऊक नाही, आणि पतीच्या मृत्यूचा दाखलाच काढलेला नसल्याने दोन्ही दारे बंद आहेत. तेव्हा पहिले काम दाखल्याचे. त्यासाठी दात्याचा एक रुपयाही लागत नाही. नगरपालिकेच्या कार्यालयात आईच्या सोबत दोन-तीन वेळा जाणारा माणूस लागतो. तिच्याऐवजी जाणारा नव्हे, सोबत जाणारा, कारण पुढच्या वेळी तिला एकटीने जाता आले पाहिजे.

ज्यांचे आयुष्य बँकेत गेले त्यांना ही रीत परकी वाटू नये. कर्जाचा अर्ज आला, अर्जदार सज्जन दिसला, म्हणून कोणतीही शाखा रक्कम हातावर ठेवीत नाही. प्रत्यक्ष भेट, कागदपत्रांची छाननी, परतफेडीची क्षमता, मग मंजुरी आणि त्यानंतरही देखरेख, असा क्रम असतो. समाजकार्यात त्यालाच अभ्यास, निदान आणि उपाय असे म्हणतात. अमेरिकेतील मेरी रिचमंड यांनी 1917 मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून या क्रमाला शिस्त दिली. गंमत अशी, की स्वतःच्या दुकानात उधारी देताना चार चौकशा करणारा व्यापारी दान देताना मात्र एकही चौकशी करीत नाही, आणि चौकशी करणे म्हणजे दानाचा कमीपणा असे समजतो.

फेलिक्स बिस्टेक या अमेरिकन धर्मगुरू-प्राध्यापकांनी 1957 मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे आजही भारतातील वर्गांत शिकविली जातात. समोरच्या माणसाला तो आहे तसा स्वीकारणे, त्याच्या दोषांचा न्यायनिवाडा न करणे, निर्णय त्याचा त्याला घेऊ देणे आणि गोपनीयता राखणे ही त्यांपैकी काही. शेवटच्या तत्त्वापाशी दानशूर समाजाला थोडे थांबावे लागेल. वह्यावाटपाचे छायाचित्र काढताना वही घेणाऱ्या मुलाचा चेहरा दात्याच्या शेजारी का हवा असतो? त्या मुलाचे वर्गमित्र ते छायाचित्र पाहतात. शिष्यवृत्ती मिळालेल्यांची नावे वडिलांच्या उत्पन्नासह स्मरणिकेत छापली जातात तेव्हा गावातील सोयरिकीवर त्याचा काय परिणाम होतो? समाजकार्याची विद्यार्थिनी रुग्णाचे नाव आपल्या अहवालातसुद्धा बदलून लिहिते. गुप्तदानाची थोरवी मान्य असलेल्या परंपरेला हा संकेत समजण्यास कठीण नाही. आचरणात मात्र दोन्हींमध्ये पुष्कळ अंतर पडले आहे.

या शिक्षणाचा उपयोग ज्या ठिकाणी वाचकाला स्वतःला अनुभवता येतो ते ठिकाण म्हणजे रुग्णालय. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची देशातील पहिली नेमणूक झाली. आज शासकीय रुग्णालयांत हे पद समाजसेवा अधीक्षक या नावाने ओळखले जाते. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून हबकलेल्या नातेवाइकांना या टेबलापर्यंत कोणी पाठवीतच नाही, हे दुर्दैव. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी देयकांच्या एकूण रकमेच्या 2 टक्के निधी स्वतंत्र बाजूला काढावयाचा असतो. ही तरतूद लागू करून घेण्यासाठी कोणती कागदपत्रे, केव्हा आणि कोणापुढे द्यावयाची हे वैद्यकीय समाजकार्यकर्ता सांगतो. रुग्णाच्या घरच्यांना निदान समजावून सांगणे, औषधे मध्येच सोडणाऱ्या क्षयरुग्णाच्या घरी जाणे, मनोरुग्ण बरा झाल्यावर त्याला स्वीकारण्यासाठी कुटुंबाची तयारी करणे ही कामेही त्याचीच. डॉक्टर आजार पाहतो. आजारी माणूस कोणत्या घरात परत जाणार आहे हे या खुर्चीवरून पाहिले जाते.

विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यातून आणि शिक्षकांच्या प्रयोगांतून काही व्यवस्था कायमच्या उभ्या राहिल्या आहेत. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी मुंबई पोलीस दलात 1984 मध्ये विशेष कक्ष सुरू झाला, तो टाटा इन्स्टिट्यूटचा प्रकल्प होता. पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला. संकटातील बालकांसाठीचा 1098 हा दूरध्वनी क्रमांकही 1996 मध्ये तेथूनच सुरू झाला आणि देशभर पोहोचला. पोलीस ठाण्यातच, पण पोलिसांव्यतिरिक्त कोणी तरी पीडितेचे ऐकून घेणारे असावे, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी ती तशी नव्हती.

आता शेवटचा प्रश्न : मिळणार काय? याचे उत्तर गुळमुळीत देण्यात अर्थ नाही. लहान स्वयंसेवी संस्थेत सुरुवातीचा पगार वाणिज्य पदवीधराला मिळतो त्याहून बरेचदा कमी असतो, अनुदान लांबले की तोही लांबतो, आणि नोकरी प्रकल्पाच्या मुदतीएवढीच असते. वकील किंवा डॉक्टर यांच्याप्रमाणे संपूर्ण समाजकार्य व्यवसायासाठी देशात वैधानिक परिषद नाही. त्यामुळे कोणीही स्वतःला समाजसेवक म्हणवून घेऊ शकतो आणि पदवीधारकाला त्याच रांगेत उभे राहावे लागते. मात्र चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती 1948 च्या कारखाने कायद्याने केली आणि समाजकार्याच्या पदवीधरांना उद्योगांचे दार उघडले. आजच्या मनुष्यबळ विभागांचा एक झरा तेथून निघाला आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 500 कोटींचे निव्वळ मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. हा पैसा कोठे द्यावा, त्यातून काय निष्पन्न झाले, हे सांगणारी माणसे कंपन्यांना हवी असतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्याची पात्रता ठरवून दिली आहे. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. म्हणजे श्रीमंती नाही, परंतु निर्वाह आहे, आणि अनुभव वाढला की स्थिती सुधारते.

शिक्षणासाठी मुंबईलाच गेले पाहिजे असेही नाही. मुंबईतच निर्मला निकेतन हे 1955 पासूनचे महाविद्यालय आहे. नागपूरला मातृसेवा संघाची संस्था 1958 पासून, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था 1963 पासून शिक्षण देत आहे. ग्रामीण प्रश्नांत रस असणाऱ्यांसाठी टाटा इन्स्टिट्यूटचे केंद्र 1986 पासून तुळजापूरला आहे. पदवी कोणत्याही शाखेची चालते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हिशोब आणि अंदाजपत्रक जाणतो, हा त्याचा फायदाच ठरतो. मात्र महाविद्यालय निवडताना एक गोष्ट पालकांनी स्वतः विचारून घ्यावी : क्षेत्रकार्य कोठे दिले जाते आणि त्यावर आठवड्याची चर्चा खरोखर होते का? राज्यात महाविद्यालये वाढली तशी ही चर्चा कागदावर उरकणारीही वाढली आहेत, आणि त्या चर्चेशिवाय ही पदवी इतर कोणत्याही पदव्युत्तर पदवीसारखीच पोकळ राहते.

समाजाच्या विश्वस्त मंडळांनाही येथे करण्यासारखे काही आहे. वसतिगृह, दवाखाना, वृद्धाश्रम आणि शिष्यवृत्ती निधी चालविणाऱ्या संस्था गावोगावी आहेत. जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाला पत्र लिहून त्यांनी दोन विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मागावेत. त्यांना बसण्यास एक टेबल, जुन्या अर्जांची फाईल पाहण्याची परवानगी आणि आठवड्यातून तासभर देणारा एक विश्वस्त एवढे पुरते. पहिल्या वर्षी त्यांना एकच काम सांगावे : गेल्या पाच वर्षांत ज्या मुलामुलींना शिष्यवृत्ती दिली, त्यांच्या घरी जाऊन ती मुले आज कोठे आहेत, किती जणांनी शिक्षण पूर्ण केले, किती जणांनी मध्येच सोडले आणि का, याची नोंद करून आणावी. तो अहवाल वार्षिक सभेत, नावे वगळून, ताळेबंदाच्या आधी वाचला जावा.